कमिटीतली सहावी जागा

शिरूर,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

प्रिय योसेफ यास,
राहेलअक्काचा सलाम.

प्रभूच्या कृपेनं मी बरी आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही. तुम्ही दोघं, फेथ, जावईबापू आणि छोटा सगळे बरे असाल अशी आशा करते. तुला तीनदा फोन केला, वाजून बंद झाला. चौथ्यांदा केला नाही. तुला बोलायचं नसेल तर तो तुझा हक्क आहे, पण कामाची गोष्ट आहे म्हणून लिहायला बसले.

दवाखान्यातून निवृत्त होऊन मला सात वर्षं झाली. गेल्या वर्षी पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉक्टर रश्मी घरी आल्या. पोरगीच आहे, आपल्या फेथहून चार-पाच वर्षांनी मोठी. त्यांचं काम असं की शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या काही घरांतल्या माणसांचं रक्त घ्यायचं आणि त्यातला डीएनए ओळीनं वाचायचा, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. त्याला सिक्वेन्सिंग म्हणतात. ज्या घरांत कमी वयाची माणसं अचानक गेली, हृदयाचं काही निघालं, अशी घरं त्यांना पाहिजेत.

आता या कामावर लक्ष ठेवायला एक कमिटी लागते. पुण्याचे पाच डॉक्टर आणि शास्त्रज्ञ आहेतच, पण तेवढ्यानं भागत नाही. सहा माणसं बाहेरची पाहिजेत, इथली, डॉक्टर नसलेली, स्वखुशीनं येणारी. लोकांना दिलेला कागद त्यांना कळतो का, रक्त कुणाच्या हाती जातं, निकाल कुणी कुणाला सांगायचा, हे बघायचं. रश्मी मला म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हाला दोन्ही तालुक्यांतली माणसं ओळखतात. तुम्ही एक जागा घ्या आणि बाकीची माणसं तुम्हीच जमवा." तेव्हापासून मी एसटीनं हिंडते आहे.

सोपं नाही रे. मांडवगण फराट्याचे सोपानराव तलाठी म्हणून निवृत्त झालेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी चष्मा लावून संमतीचा कागद सगळा वाचला आणि म्हणाले, "सिस्टर, हितं लिवलंय 'आनुवंशिक पदार्थ'. पदार्थ म्हंजी खायचा का?" मी म्हटलं, हेच सांगायला तुम्ही कमिटीत पाहिजे. ते लगेच तयार झाले.

कोरेगाव भीमाच्या ललिताबाई कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर आहेत. त्यांनी कागदावर फक्त एका ठिकाणी बोट ठेवलं. "जातीचा रकाना कशाला?" रश्मी म्हणाल्या, जुना नमुना आहे, तसाच आलाय. ललिताबाई म्हणाल्या, "मॅडम, रक्त वाचणार आहात ना? मग जात विचारायची गरज काय, आणि रक्तात ती सापडणार असेल तर आम्हाला तुमचं काम नको. आधी रकाना काढा, मग मी येते." पंधरा दिवसांनी नवा कागद आला. रकाना नव्हता. ललिताबाईंनी दोनदा तपासला आणि मग नाव दिलं.

असं करत माझ्यासकट पाच झाले. सहावी जागा दौंडची आहे. रश्मी म्हणतात, ज्याच्या घरात असं कुणी गेलं आहे असा एक माणूस कमिटीत असलाच पाहिजे, नाहीतर आम्ही सगळे हवेत बोलू. मी तुझं नाव दिलं. तुला न विचारता दिलं, त्याबद्दल रागावू नकोस. महिन्याला एक बैठक, शनिवारी. सगळं तिथं समजावून सांगतात. आलास की तुला आपोआप सगळं कळेल.

जानेवारीत मी दौंडला आले होते. एसटी स्टँडवरून तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले आणि परतीच्या गाडीची वेळ झाली म्हणून वळले. खरं म्हणजे गाडीला अजून तासभर होता.

फेथची तब्येत कशी आहे? चढताना दम लागतो का, कधी चक्कर येते का? सहज विचारते. आणि तूही एकदा हृदयाची सोनोग्राफी करून घे. आता आपलं वय झालं.

जॉयला माती दिली त्या दिवशी तुझ्या घरात मी जे बोलले त्याबद्दल लिहायचं आहे. या पत्रात नको.

तुझी बहीण,
राहेल


दौंड,
२१ फेब्रुवारी २०२५

अक्कास सलाम.

पत्र पोचलं. फेथच्या आईनं वाचून दाखवलं, मग मी परत वाचलं.

कमिटीचं मला जमायचं न्हाई. मी जन्मभर रेल्वेच्या यार्डात रुळांचे पॉइंट बदलले, झेंडी दाखवली. डॉक्टर लोकांत बसून मी काय बोलणार? ललिताबाईंचं वाचून बरं वाटलं, असली बाई पाहिजे. पण माझं नाव काढून टाक.

तू म्हणतीस ज्याच्या घरात कुणी गेलं तो माणूस पाहिजे. अक्का, माझ्या घरात माणूस गेला त्याचं कारण मला ठावं हाय, त्याला रक्त वाचायची गरज न्हाई. पोलीस भरतीला सोळाशे मीटर लागतं म्हणून मी त्याला रोज पहाटं उठवून रेल्वेच्या मैदानावर न्यायचो. तो पळायचा आन् मी घड्याळ घेऊन उभा. त्या दिवशी तो म्हणाला, पप्पा, आज छातीत कसंतरी होतंय. मी म्हणालो, पहिल्या दोन फेऱ्यांत तसं होतंच. तिसऱ्या फेरीत पडला. एकोणीस वर्षांचा होता.

माती देऊन आल्यावर मी तुला इचारलं होतं, आठवतं का? घरात पाळकसाहेब होते, चर्चच्या मंडळीतली माणसं होती. मी म्हणालो, अक्का, तू नर्स हायस, तू सांग, हे कशानं झालं? तू म्हणालीस, "एवढं पळवायला नको होतं." सगळ्यांनी ऐकलं. मला तुझा राग आला न्हाई. खरं वाटलं. पण त्यानंतर तुझ्या तोंडाकडं बघायचं मला झालं न्हाई. अकरा वर्षं हे माझ्याजवळ हाय.

आता तुझं दुसरं. अकरा वर्षांत तू फेथची चौकशी केली न्हाईस, तिच्या लग्नात पाठीमागच्या बाकावर बसून गेलीस. आन् आता इचारतीस दम लागतो का, चक्कर येते का. वर म्हणतीस, सहज. अक्का, तू चाळीस वर्षं दवाखान्यात काढलीस. नर्स असलं सहज इचारत न्हाई.

फेथ इथल्या शाळेत पीटी शिकवती. मी तिला कधी पळ म्हणालो न्हाई, ती आपल्या मनानं पळते, पोरांच्या पुढं. गेल्या म्हैन्यात मैदानावर एकदा तिला अंधारी आली होती. ऊन लागलं म्हणाली.

का इचारलंस ते लिही. कमिटीचं लिहू नकोस.

योसेफ


शिरूर,
रविवार, २ मार्च २०२५

योसेफ,

हे पत्र पोस्टानं पाठवत नाही. उद्या सकाळी पहिल्या गाडीनं येऊन तुझ्या दारात देईन आणि परत जाईन. बसणार नाही.

आधी हे कर. फेथला आजपासून पळू देऊ नकोस. शाळेत सांग, आजारी आहे. जिना हळू चढू दे. सोबत एक चिठ्ठी जोडली आहे, त्यावर पुण्याच्या हृदयाच्या डॉक्टरांचं नाव आणि नंबर आहे. त्यांना माहीत आहे तुम्ही येणार म्हणून. तू आणि फेथ दोघांनी जायचं, याच आठवड्यात. एवढं वाचून झालं असेल तर आधी फेथला जाऊन सांग आणि मग पुढचं वाच.

२०१० साली आमच्या दवाखान्यात हृदय तपासणीचं शिबिर होतं. बाहेरून डॉक्टर मशीन घेऊन आले होते. पेशंट संपल्यावर ते म्हणाले, आता स्टाफनं झोपा एकेकानं. मीही झोपले. मला तेव्हा वॉर्डाचा जिना चढताना दम लागायचा. त्यांनी बराच वेळ मशीन फिरवलं आणि विचारलं, "सिस्टर, वडील कशानं गेले?" मी म्हटलं, अचानक गेले, चव्वेचाळीसाव्या वर्षी, दवाखान्याच्या पायरीवर बसले होते ते उठलेच नाहीत. ते म्हणाले, "तुमच्या हृदयाची भिंत जाड आहे. हे घराण्यात उतरतं. निम्म्या मुलांना येतं, निम्म्यांना येत नाही. भावंडांना आणि त्यांच्या मुलांना एकदा मशीनखाली आणा. मुलं खेळत असतील, पळत असतील तर लवकर आणा."

हे शब्द मी जसेच्या तसे लिहिले आहेत. विसरले कधीच नाही.

त्याच महिन्यात माझ्या स्वीटीचं नगरचं स्थळ ठरत होतं. तुला माहीत आहे, आधीची दोन मोडली होती. घराण्यात हृदयाचा आजार आहे हे मंडळीत एकाला कळलं असतं तर नगरला दुसऱ्या दिवशी पोचलं असतं. मी रिपोर्ट कपाटात ठेवला. तुझ्या भाऊजींनासुद्धा सांगितलं नाही. ते गेले तेव्हाही त्यांना वाटत होतं की मी बीपीची गोळी घेते.

मनात होतं, लग्न झालं की योसेफला सांगू. लग्न झालं. मग वाटलं, स्वीटीला मूल होऊ दे, तिचे पाय तिथं रोवू देत. मग ते झालं. मग एवढे दिवस का सांगितलं नाहीस, याला उत्तर काय द्यायचं, हाच प्रश्न झाला.

यापेक्षा वाईट पुढे आहे. लग्नाच्या आधी मी स्वीटीला खोटं कारण सांगून मशीनखाली नेलं होतं. तिचं साफ निघालं. म्हणजे माझं लेकरू मी तपासून घेतलं, योसेफ. तुझं नाही.

आणि तीन वर्षांनी जॉय पडला. तू मला विचारलंस, हे कशानं झालं. त्या खोलीत त्याचं उत्तर ठाऊक असलेलं एकच माणूस होतं. मी तोंड उघडलं आणि ते ओझं तुझ्या डोक्यावर ठेवलं. घाबरून झालं, नकळत झालं, असं काही म्हणत नाही. मला माहीत होतं मी काय करते आहे.

मागच्या वर्षी रश्मींच्या कामाला मीही रक्त दिलं. जानेवारीत निकाल आला. एका ठिकाणी एक अक्षर बदललेलं आहे, पप्पांकडून आलेलं. निकाल सांगताना रश्मी म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या भावाला कळलं पाहिजे. तुम्ही सांगा, नाहीतर आम्हाला सांगायची परवानगी द्या." संमतीच्या कागदावर शेवटी तसा प्रश्न असतो, घरच्यांना धोका दिसला तर त्यांना कळवायचं का? हो आणि नाही अशा दोन चौकटी. मी 'नाही'वर खूण केली होती. ती बदलली नाही. त्यांना म्हटलं, मीच सांगते. आणि सांगण्याऐवजी तुला कमिटीचं पत्र लिहिलं. तू तिथं बसशील, शास्त्रज्ञ समजावून सांगतील, तुला आपोआप कळेल आणि मला बोलावं लागणार नाही, असा माझा डाव होता. सहावी जागा वगैरे खरं होतं, पण तुझं नाव मी त्यासाठी दिलं होतं.

काल कमिटीची बैठक झाली. नेमका त्या दोन चौकटींचाच विषय निघाला. पुण्याचे एक सर म्हणाले, कुणी 'नाही' म्हटलं तर ते पाळलंच पाहिजे, त्याशिवाय लोक रक्त देणार नाहीत. सोपानराव म्हणाले, "आन् त्याच्या भावाचं लेकरू मेलं तर?" मग ललिताबाई म्हणाल्या, "नाही म्हणणाऱ्याला कसली तरी भीती असणार. नुसती खूण करून घेऊ नका. त्याच्यासमोर बसून विचारा, कशाची भीती आहे."

मला कुणी विचारलं नव्हतं, पण विचारलं असतं तर मी सांगितलं असतं का, हे मला माहीत नाही. तिथं मी काही बोलले नाही. तुझ्या आधी त्यांना सांगणं बरोबर नव्हतं. बैठक झाल्यावर रश्मींना एकटीला गाठून म्हटलं, माझी चौकट बदला, हो करा, आणि मला कमिटीतून मोकळं करा. राजीनाम्याचं कारण लिहिलं नाही. योसेफनं परवानगी दिली तर लिहीन म्हटलं.

तुझं पत्र येऊन सहा दिवस झाले. 'अंधारी आली' हे वाचूनही मी सहा दिवस घेतले. तेही माझ्या खात्यावर धर.

माफी मागत नाही. मागितली तर तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. फेथला डॉक्टरकडे ने, एवढंच मागते.

तू विचारलंस त्याच दिवशी हे जिनं सांगायला हवं होतं, ती
राहेल


दौंड,
११ मे २०२५

अक्कास सलाम.

तू दारात आलीस तवा मी मागच्या खोलीत होतो. आवाजावरून वळखलं. फेथ म्हणाली, "आत्याबाई, चहा तरी घ्या." तू न्हाई म्हणालीस ते बरं केलंस.

पत्र मी दोनदा वाचलं. फेथच्या आईनं वाचलं ती रडली, मग तुझ्याबद्दल जे बोलली ते लिहीत न्हाई. फेथनं वाचलं आन् फोन घेऊन डॉक्टरला लावला. म्हणाली, "पप्पा, भांडण नंतर करा."

आम्ही बुधवारी पुण्याला गेलो. माझी भिंत जाड हाय. साठ वर्षं मी ती घेऊन फिरलो, मला कवा कळलं न्हाई. डॉक्टर म्हणाले, कुणाला जन्मभर काही होत न्हाई आन् कुणी एकोणिसाव्या वर्षी जातं. फेथची भिंत थोडी जाड निघाली. तिच्या छातीला वायरी लावून एक दिवस-रात्र मशीन बांधलं, त्यात ठोके चुकलेले सापडले. तिची अंधारी उन्हाची नव्हती. मग रक्त घेतलं. निकाल गेल्या आठवड्यात आला. तेच अक्षर.

गोळ्या चालू केल्यात. पळणं बंद, जड उचलणं बंद. जरूर पडली तर छातीत एक यंत्र बसवतात, ते पुढं बघू म्हणाले. छोट्याला पण तपासलं, सध्या काही न्हाई, दर वर्षी न्यायचं. फेथनं शाळेत सगळं सांगून टाकलं, लपवलं न्हाई. हेडमास्तरीण बाईंनी तिला पीटीचा तास ठेवलाय. ती बाकावर बसून शिट्टी मारती आन् एखादं पोर छाती धरून थांबलं की तिथंच खेळ बंद करून त्याला बसवती.

मी डॉक्टरला एकट्याला गाठून इचारलं, माझा पोरगा मी पळवला म्हणून गेला का? त्यांनी घाई केली न्हाई. म्हणाले, "आजार त्याच्या अंगात होता. पळण्यानं त्या दिवशी झालं. तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही पळवलं असतं का?" मी म्हणालो, न्हाई. ते म्हणाले, "मग झालं."

बाहेर येऊन बाकावर बसलो. वाटलं, अकरा वर्षांचं वझं माझ्या डोक्यावरनं उतरलं आन् तुझ्या डोक्यावर गेलं. मला त्याचं बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं न्हाई. तुला माहीत होतं, तू एक शब्द बोलली असतीस तर आज तो तीस वर्षांचा असता. हे मी लिहिणार. मी लिहिलं न्हाई तर तू म्हणशील योसेफनं गिळलं. मी गिळलेलं न्हाई.

रश्मी मॅडम घरी आल्या होत्या. त्यांनी आपल्या घराण्याचा कागद काढला. त्यात पुरुषाला चौकोन, बाईला गोल, सख्खी भावंडं एका आडव्या रेघेखाली. आजार असला की आतून काळा करायचा, माणूस गेलं असलं की वरून तिरकी रेघ मारायची. पप्पांचा चौकोन काळा, रेघ. माझा काळा. तुझा गोल काळा. फेथचा काळा. जॉयचा चौकोन काळा करून त्यांनी रेघ मारली आन् खाली नंबर टाकला. मी म्हणालो, नाव लिहा. त्या म्हणाल्या, नावं लिहीत न्हाईत, गुप्त ठेवायचं असतं. मी म्हणालो, बाकीच्यांचं ठेवा गुप्त, ह्याचं लिहा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् पेन्सिल माझ्या हातात दिली. घरी ठेवायच्या कागदावर मी लिहिलं.

सहावी जागा मी घेतली. तुझ्यासाठी न्हाई. कालच्या शनिवारी पहिल्यांदा गेलो. सोपानरावांनी शेजारी खुर्ची ओढून दिली. मी उभा राहून सांगितलं, कुणी 'न्हाई'वर खूण केली तर कागद तसाच फायलीत घालायचा न्हाई. त्याच्याजवळ माणूस बसवा, दोनदा बसवा, सहा म्हैन्यांनी परत जा. त्याचं लग्नाचं काही असलं, नोकरीचं असलं, ते ऐकून घ्या, वाट काढून द्या. त्याच्या भावाचं लेकरू तवर पळत असतं. पुण्याचे सर म्हणाले, मंजूर, पण एवढी बसायला माणसं कुठून आणायची? ललिताबाई म्हणाल्या, जमवू. मग त्यांनी मला इचारलं, राहेल सिस्टर का सोडून गेल्या? मी म्हणालो, ती माझी मोठी बहीण हाय आन् कारण ती स्वतः सांगेल. त्याला माझी परवानगी हाय. लिही तू.

डॉक्टरला तुझा २०१० सालचा रिपोर्ट पाहिजे, मूळ कागद. तो फाडला नसशील तर घेऊन ये. पोस्टानं पाठवू नकोस. फेथ म्हणते, आत्याबाईंना जेवायला सांगा. मी सांगत न्हाई, ती सांगते हाय. मी घरात असेन.

माफ केलं असं लिहायला हात जात न्हाई. 'तुझा भाऊ' असं पण खाली लिहवत न्हाई अजून. पण त्या कागदावर तुझा गोल आन् माझा चौकोन एकाच रेघेला लटकलेत, ते मला खोडता येत न्हाई.

योसेफ